लिंक्ड लिस्टवर रिकर्शन: आधी वहीत दोन वाक्यं, मग कीबोर्ड

सांगली असो, इस्लामपूर असो की कराड-सातारा, दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स सुरू झालं की एक गोष्ट हमखास घडते. फॅक्टोरियलचं रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) समजलेलं असतं. पॉइंटरही (मेमरीतला पत्ता ठेवणारे व्हेरिएबल) बऱ्यापैकी हाताखाली आलेले असतात. पण लिंक्ड लिस्ट (पत्त्यांनी एकमेकींना जोडलेल्या नोंदींची यादी) रिकर्शनने उलटी करा म्हटलं की मुलं थेट जर्नल उघडतात आणि चार ओळी पाठ करतात. मग तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) मधली एक ओळ खोडून "आता काय होईल?" विचारलं की सगळं अडतं. मी यातून गेलोय, आणि आता विश्रामबागेत ज्युनिअर मुलामुलींना हेच शिकवतो. यातली एकही ओळ पाठ करावी लागत नाही, हे मला मनापासून सांगायचंय. क्रम मात्र सोडू नका.

उदाहरणासाठी आपल्या ओळखीचीच यादी घेऊ. पुणे-मिरज रेल्वेमार्गावरची पाच स्टेशनं: सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज. मधली बरीच स्टेशनं गाळली आहेत, पण क्रम खरा आहे. शेवटपर्यंत हीच यादी वापरायची, म्हणजे चूक झाली की नुसत्या क्रमावरून लक्षात येते.

लागणारं साहित्य

- जीसीसी, म्हणजे सी भाषेचा कंपायलर. उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल हे पॅकेज टाकलं की येतो. विंडोजवर मिंगडब्ल्यू चालतं.
- जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन.
- व्हॅलग्राइंड, म्हणजे मेमरीच्या चुका शोधणारं साधन. हे लिनक्सवर मिळतं. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर तिथे वापरा.
- चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर. हे सगळ्यात महत्त्वाचं.

कंपाइल करताना "सगळ्या वॉर्निंग दाखव" आणि "डीबगची माहिती ठेव" हे दोन्ही पर्याय कायम चालू ठेवा.

टर्बो सी या जुन्या कंपायलरबद्दल एक इशारा. काही ठिकाणी प्रॅक्टिकल अजून त्यावरच होतं, त्यामुळे सराव करणं भाग असतं. पण पॉइंटर शिकायला ते घातक आहे. नल पत्त्यावर ("कुठेच नाही" असं सांगणाऱ्या पत्त्यावर) लिहिलं की लिनक्सवर प्रोग्रॅम तिथल्या तिथे सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतो आणि चूक सापडते. टर्बो सी मात्र तसाच पुढे जातो आणि प्रोग्रॅम संपताना अनेकदा "नल पॉइंटर असाइनमेंट" एवढीच एक ओळ दाखवतो. तोवर चूक कुठल्या ओळीत झाली, याचा मागमूस राहत नाही. जीसीसीवर शिका, टर्बो सीवर फक्त शेवटी चालवून बघा.

१. नोड नीट बांधा

नोड म्हणजे यादीतली एक नोंद. तिच्यात दोनच गोष्टी: नाव ठेवायला कॅरेक्टर ॲरे, आणि पुढच्या नोडचा पत्ता ठेवणारा नेक्स्ट. नेक्स्ट हा पॉइंटरच हवा. स्ट्रक्चरच्या आत तेच स्ट्रक्चर अख्खं ठेवायला गेलात तर कंपायलर "इन्कम्प्लीट टाइप" म्हणून अडवतो, आणि बरोबरच अडवतो, कारण त्याचा आकार किती हे कधी ठरणारच नाही. टाइपडेफ वापरत असाल तर नवं छोटं नाव स्ट्रक्चरच्या कंसात चालत नाही. तिथे "स्ट्रक्ट नोड" असं पूर्ण नावच लिहा.

ॲरे केवढा घ्यायचा? बरेच जण डोळे झाकून २० किंवा ३० लिहितात. इंग्रजी अक्षरांत तेवढं पुरतं. नावं मराठीत टाइप केलीत तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "किर्लोस्करवाडी" या एका नावात अशी १४ चिन्हं आहेत, म्हणजे ४२ बाइट आणि शेवटच्या शून्याचा १. ३० च्या ॲरेत ते कॉपी केलं की नाव सांडून थेट नेक्स्टवर जातं आणि पुढची यादी तुटते. आपण ६४ घेऊ. ६४-बिट मशीनवर पॉइंटरचे ८ धरून एक नोड ७२ बाइटचा झाला. हा आकडा पुढे कामाला येईल.

मॅलॉक करताना (म्हणजे नोडसाठी मेमरी मागताना) साइझऑफला नोड द्या, नोडचा पॉइंटर देऊ नका. पॉइंटर दिलात तर ७२ ऐवजी ८ बाइट मिळतात, आणि प्रोग्रॅम कधीकधी तरीही चालतो. असा "चालणारा" प्रोग्रॅम सबमिशनच्याच दिवशी पडतो.

नवा नोड तयार केला की लगेच, दुसरं काहीही करण्याआधी, त्याच्या नेक्स्टमध्ये नल टाका. रिकर्शन थांबतं ते याच नलवर.

२. वहीत दोन वाक्यं लिहा

सगळी गोम इथे आहे, म्हणून इथे घाई नको. लिंक्ड लिस्ट म्हणजे काय? एक तर ती रिकामी असते, नाहीतर एक नोड आणि त्यामागे आणखी एक लिंक्ड लिस्ट. व्याख्येतच ती वस्तू पुन्हा येते. म्हणून तिच्यावरचं प्रत्येक रिकर्सिव्ह फंक्शन दोन वाक्यांत मांडता येतं:

पहिलं वाक्य: यादी रिकामी असेल तर उत्तर काय?
दुसरं वाक्य: पहिला नोड सोडून बाकीच्या यादीचं उत्तर हातात आलंय असं धरलं, तर पूर्ण यादीचं उत्तर कसं तयार होईल?

स्टेशनं मोजायची आहेत. रिकामी यादी: ०. बाकीच्या यादीत ४ असतील तर पूर्ण यादीत १ + ४. झालं. आता हेच फंक्शनच्या रूपात उतरवा. खाली नावं आणि शब्द मराठीत ठेवलेत. टाइप करताना जर, परत यांच्या जागी सीचे शब्द घाला.

मोजा(यादी)
  जर यादी == नल, तर परत ०
  परत १ + मोजा(यादी->नेक्स्ट)

दुसऱ्या वाक्यातला "धरलं" हा शब्द पुष्कळांना पटत नाही. अजून फंक्शन लिहून झालं नाही, तर त्याचं उत्तर हातात कसं धरायचं? धरायचं. कारण प्रत्येक हाकेत (फंक्शन कॉलमध्ये) यादी एका नोडने लहान होते आणि शेवटी रिकामी होते, आणि रिकाम्या यादीचं उत्तर पहिल्या वाक्याने ठरवून दिलंय. फंक्शन लिहिताना आत आत उतरत जाऊ नका. एकाच पातळीवर उभं राहून विचार करा. उतरायचं ते तपासताना, पुढच्या पायरीत.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे पहिल्या वाक्यात "यादी नल आहे का" ऐवजी "यादी->नेक्स्ट नल आहे का" असं विचारणं. तिथे ० ऐवजी १ परत दिला तर पाच स्टेशनांवर उत्तर बरोबर येतं, रिकामी यादी दिली की प्रोग्रॅम पडतो. एक्स्टर्नल नेमकी रिकामी यादीच देतात. दुसरा सापळा ॲरेच्या सवयीतून येतो: पुढे जायला यादी++ लिहिणं. नोड मेमरीत शेजारी-शेजारी नसतात. पुढे जायचं ते नेक्स्टमधूनच.

३. कागदावर एकदा उतरून या

वहीत पानभर चौकटी एकाखाली एक काढा. प्रत्येक हाकेला एक चौकट, आणि तिच्यात त्या हाकेच्या वेळी यादी कुठे बोट दाखवते ते लिहा: सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज, नल. नोड पाच, पण चौकटी सहा. सहावी नलची, तिच्यातून ० परत जातो. वर येताना प्रत्येक चौकटीशेजारी परतलेली किंमत लिहा: ०, १, २, ३, ४, ५.

प्रत्येक चौकटीतली "यादी" वेगळी आहे हे इथे डोळ्यांनी दिसतं. नाव एकच, पण सहा चौकटींत सहा स्वतंत्र व्हेरिएबल, आणि खालच्या चौकटीत काहीही बदललं तरी वरचीला त्याचा पत्ता नसतो. पाचव्या पायरीत हेच आडवं येणार आहे.

मग तेच जीडीबीत बघा. "परत ०" या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची खूण) लावा, रन करा आणि बॅकट्रेसची (अर्धवट राहिलेल्या हाका दाखवायची) आज्ञा द्या. ० ते ६ अशा सात ओळी दिसतील. सगळ्यात वर, ० क्रमांकावर, सगळ्यात आतली हाक आणि तिच्यात यादीचा पत्ता शून्य; सगळ्यात खाली, ६ क्रमांकावर, मेन. वहीतलं चित्र उलटं करून स्क्रीनवर ठेवल्यासारखं दिसतं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की रिकर्शनची भीती उरत नाही, म्हणून ही पायरी टाळू नका.

४. छापण्याची ओळ वर-खाली करा

छापा(यादी)
  जर यादी == नल, तर परत
  नाव छापा
  छापा(यादी->नेक्स्ट)

सातारा ते मिरज छापलं जातं. आता शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल करा. मिरज ते सातारा. एकेरी लिस्टमध्ये मागे जायचा पॉइंटरच नसतो, तरी उलटं छापता आलं, कारण मागचे पत्ते स्टॅकवरच्या (हाकांच्या चौकटी ठेवायच्या मेमरीतल्या) चौकटींनी धरून ठेवले होते. हाकेच्या आधीचं काम उतरताना होतं, हाकेच्या नंतरचं काम वर येताना होतं. पुढची सगळी फंक्शन्स याच फरकावर उभी आहेत.

५. शेवटी नवं स्टेशन जोडा

मिरजेच्या पुढे कोल्हापूरच्या वाटेवर जयसिंगपूर जोडायचंय. दोन वाक्यं: रिकाम्या यादीला जोडायचं तर नवा नोड हीच नवी यादी. नाहीतर बाकीच्या यादीला जोडून जी यादी परत येईल ती माझ्या नेक्स्टमध्ये ठेवायची, आणि मी स्वतः परत जायचं.

शेवटी_जोडा(यादी, नाव)
  जर यादी == नल, तर परत नवा_नोड(नाव)
  यादी->नेक्स्ट = शेवटी_जोडा(यादी->नेक्स्ट, नाव)
  परत यादी

मधल्या ओळीकडे नीट बघा. मुलं ती लिहितात, पण बरोबर-चिन्हाच्या डावीकडचा भाग सोडून. नुसतं शेवटी_जोडा(यादी->नेक्स्ट, नाव). सीमध्ये फंक्शनला किंमतीची प्रत जाते. सगळ्यात आतल्या चौकटीत नवा नोड तयार झाला, त्याचा पत्ता परत आला, आणि तो कुणी झेललाच नाही. जयसिंगपूर मेमरीत आहे, पण तिथपर्यंत जायला कुठलाच पॉइंटर नाही.

याचं लक्षण फसवं असतं. सुरुवातीची रिकामी यादी घेऊन एकेक स्टेशन याच फंक्शनने जोडत गेलात, तर पहिलं व्यवस्थित जोडलं जातं, कारण रिकाम्या यादीच्या वेळी उत्तर थेट मेनमध्ये येतं आणि तिथे तुम्ही ते साठवता. दुसऱ्यापासून सगळी हरवतात. छापल्यावर "सातारा" एकटाच दिसला की आधी ही ओळ तपासा.

डावीकडचा भाग लिहिल्यावर काही जण विचारतात, साताऱ्याचा नेक्स्ट तर आधीच कराड होता, मग पुन्हा कराडच कशाला ठेवायचा? खरंय, मिरज सोडून बाकी प्रत्येक नोडमध्ये होता तोच पत्ता पुन्हा बसतो. त्याने बिघडत काही नाही. त्या बदल्यात शेवटच्या नोडसाठी वेगळी अट लिहावी लागत नाही, आणि अट जितकी कमी तितकी चूक कमी.

"परत यादी" विसरलात तर वॉर्निंग चालू असल्यास जीसीसी सांगतो. न सांगता चुकणारी गोष्ट मेनमध्ये असते: तिथेही यादी = शेवटी_जोडा(यादी, ...) असंच लिहायचं. पॉइंटरचा पॉइंटर पाठवून हेच काम होतं आणि ती पद्धतही चांगली आहे, पण पहिल्यांदा शिकताना पत्ता परत देणारी पद्धतच धरा. चित्र काढायला ती सोपी पडते.

६. एक स्टेशन काढा

एखादी गाडी किर्लोस्करवाडीला थांबत नाही असं समजा. आता वाक्यं तीन होतात: रिकामी असेल तर नल परत. पहिलाच नोड नको असलेला असेल तर बाकीची यादी परत. नसेल तर पाचव्या पायरीसारखं नेक्स्टमध्ये ठेवून स्वतः परत. नावाची तुलना दोन बरोबर-चिन्हांनी करू नका, तिथे पत्त्यांची तुलना होते. एसटीआरसीएमपी वापरा.

काढताना क्रम असा: बाकीच्या यादीचा पत्ता आधी एका व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग नोड फ्री करा (त्याची मेमरी मोकळी करा), मग तो ठेवलेला पत्ता परत द्या. आधी फ्री करून मग यादी->नेक्स्ट वाचलात तर ती चूकच, पण बहुतेक वेळा प्रोग्रॅम चालून जातो. लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी मोकळ्या केलेल्या तुकड्याच्या सुरुवातीच्या बाइटमध्ये स्वतःची नोंद लिहिते. आपल्या नोडमध्ये सुरुवातीला नाव आहे आणि नेक्स्ट ६४ बाइटनंतर, म्हणून नाव बिघडतं आणि नेक्स्ट शाबूत दिसतो. स्ट्रक्चरमध्ये नेक्स्ट वर आणि नाव खाली असतं तर हाच प्रोग्रॅम पडला असता. म्हणून "माझ्याकडे चालतंय" यावर विसंबू नका. व्हॅलग्राइंड ही चूक "इनव्हॅलिड रीड" म्हणून ओळ क्रमांकासकट दाखवतं.

७. यादी उलटी करा

आता ते प्रसिद्ध फंक्शन. यादी पुन्हा सुरुवातीच्या पाच स्टेशनांचीच घ्या. पहिलं वाक्य: रिकामी किंवा एकाच नोडची यादी उलटीच आहे, तशीच परत. दुसरं: कराड ते मिरज हा भाग उलटून मिळालाय असं धरा. म्हणजे मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड. साताऱ्याला आता या यादीच्या शेवटी, कराडच्या मागे बसवायचंय. कराड शोधायला पूर्ण यादी फिरायची का? गरज नाही. साताऱ्याच्या नेक्स्टला कुणी हात लावलेला नाही, तो अजून कराडकडेच बोट दाखवतोय.

उलटा(यादी)
  जर यादी == नल किंवा यादी->नेक्स्ट == नल, तर परत यादी
  बाकी = उलटा(यादी->नेक्स्ट)
  यादी->नेक्स्ट->नेक्स्ट = यादी
  यादी->नेक्स्ट = नल
  परत बाकी

दोन बाणांची ती ओळ मराठीत वाचा: "साताऱ्याचा पुढचा जो कराड, त्याचा पुढचा आता सातारा." एवढाच तिचा अर्थ. पहिल्या अटीतला क्रमही महत्त्वाचा: नलची तपासणी आधी, नेक्स्टची नंतर. उलट लिहिलंत तर रिकाम्या यादीवर पडेल.

एक्स्टर्नल कुठली ओळ खोडतील आणि काय दिसेल, ते इथेच सांगून ठेवतो.

"यादी->नेक्स्ट = नल" खोडली तर: मिरज, सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा, कराड, सातारा, आणि हे थांबत नाही. सातारा आणि कराड एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

मेनमध्ये यादी = उलटा(यादी) ऐवजी नुसतं उलटा(यादी) लिहिलं तर: फक्त सातारा. उलटवणं बरोबर झालंय, पण मेनच्या हातात जुनं टोक राहिलंय आणि ते आता शेपूट आहे. पाचव्या पायरीत दिसलं तेच लक्षण, कारण वेगळं. ओळखायचं कसं? उलटवण्याआधी एकदा मोजा() चालवा. तिथे ५ आले तर जोडणी ठीक आहे, दोष इथला.

"परत बाकी" ऐवजी "परत यादी" लिहिलं तरी फक्त सातारा, आणि मेनने तो साठवला की मिरजेकडून सुरू होणारं टोक कायमचं गेलं.

८. मेमरी मोकळी करा

आधी बाकीची यादी मोकळी करायची, मग स्वतःचा नोड. हाक आधी, फ्री नंतर. यात वेगळा पत्ता साठवून ठेवावा लागत नाही. ही पायरी विसरलात तर व्हॅलग्राइंड साधारण असं दाखवतं: ७२ बाइट "डेफिनेटली लॉस्ट", आणि २८८ बाइट "इनडायरेक्टली लॉस्ट". पहिला आकडा टोकाच्या नोडचा, दुसरा त्याच्यामार्फतच सापडू शकणाऱ्या चार नोडचा. ७२ च्या पाढ्यावरून किती नोड सुटले ते लगेच कळतं.

९. खोली किती झेपते ते ओळखा

प्रत्येक हाकेची चौकट स्टॅकवर जागा घेते आणि स्टॅक मर्यादित असतो. लिनक्सवर तो सहसा ८ एमबी असतो (टर्मिनलमध्ये यूलिमिटची आज्ञा एस पर्यायासह दिली की ८१९२ केबी दिसतं), आणि मायक्रोसॉफ्टच्या लिंकरने बांधलेल्या विंडोज प्रोग्रॅमला न सांगता १ एमबी मिळतो. एक चौकट ४८ बाइटची धरली तर ८ एमबीत सुमारे पावणेदोन लाख हाका बसतात, १ एमबीत २२ हजारांच्या आसपास. पाच स्टेशनांना काहीच अडचण नाही. दहा लाख नोंदींच्या यादीवर मात्र उलटा() पडेल, आणि तो लॉजिकचा दोष नसेल.

जीसीसीला ओ-२ पातळीचं ऑप्टिमायझेशन दिलं तर ज्या फंक्शनमध्ये रिकर्सिव्ह हाक हे शेवटचंच काम असतं, त्याचं तो आतल्या आत लूप करून टाकतो. सरळ छापा() तसं आहे. उलटं छापणारं तसं नाही, कारण हाकेनंतर काम शिल्लक असतं. पण असं करायलाच हवं अशी सक्ती सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये नाही, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. नोकरीच्या कामात लांब यादी मोजायची किंवा शोधायची असेल तर सरळ लूप लिहा, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे रिकर्शन शिकायचं ते पुढच्या ट्रीसाठी. तिथे प्रत्येक नोडला दोन फांद्या असतात, लूप लिहायला गेलं की स्टॅक स्वतः सांभाळावा लागतो, आणि हीच दोन वाक्यांची पद्धत जशीच्या तशी लागू पडते.

परीक्षेआधी हाताने लिहायचा सराव

खालची चार फंक्शन्स वहीत, दोन वाक्यांपासून सुरू करून लिहा. प्रत्येक रिकामी यादी, एक नोड आणि पाच नोड, अशा तिन्हींवर तपासा.

- दिलेलं नाव यादीत आहे का ते सांगणारं.
- यादीची हुबेहूब नवी प्रत करून देणारं. नेक्स्टमध्ये जुना पत्ता राहिला तर प्रत अर्धी जुनीच असते; मूळ यादी मोकळी करून मग प्रत छापून बघा.
- दोन याद्या तंतोतंत सारख्या आहेत का ते सांगणारं. इथे रिकाम्याच्या तीन शक्यता आहेत: दोन्ही, फक्त पहिली, फक्त दुसरी.
- दोन क्रमवार याद्यांची एक क्रमवार यादी करणारं. नवा एकही नोड मॅलॉक न करता. हे जमलं की मर्ज सॉर्ट जवळपास हातात आलं. यादी मधोमध तोडणारं फंक्शन तेवढं राहतं.